चंदी पडव्याची दुसरी थाळी

आश्विनातील पौर्णिमा आणि तिच्या पाठोपाठ येणारी वद्य प्रतिपदा हे सुरतेतील मराठी घरांचे मोठे कठीण दिवस. कठीण म्हणजे पोटाला. पौर्णिमेच्या रात्री कोजागरीचे आटीव केशरी दूध आणि दुसऱ्या दिवशी चंदी पडवा, म्हणजे घारी. मावा, साखर, बदाम-पिस्त्याचे सारण, त्यावर पातळ आवरण, मग तुपातले तळण आणि तेवढ्याने भागत नाही म्हणून वरून पुन्हा थिजलेल्या तुपाचा थर! तात्या टोपे यांच्या सैनिकांसाठी ती प्रथम केली गेली, अशी आख्यायिका येथे सांगतात. खरेखोटे इतिहासकार जाणोत. पण लढणाऱ्या शिपायाचा खुराक खुर्चीत बसून रुग्ण तपासणाऱ्या माणसाला मानवत नाही, एवढे मी अधिकाराने सांगू शकतो.

आमच्या घरी काही वर्षांपासून या दोन्ही दिवशी दोन माणसे पंक्तीबाहेर राहू लागली. एक मी, मधुमेहामुळे. दुसरी माझी नात. तिला गाईच्या दुधातील प्रथिनाची ॲलर्जी आहे. दुधातील लॅक्टोज न पचणे ही वेगळी गोष्ट. तेथे चमचाभर तूप बहुधा निभून जाते. ॲलर्जीत तुपात राहिलेला प्रथिनाचा अंशही त्रास देऊ शकतो. गच्चीवर सारी मंडळी घारी-भुसूवर तुटून पडलेली आणि ही मुलगी बिस्किटाचा पुडा घेऊन कठड्याशी उभी, हे दृश्य आजोबाच्या डोळ्यांना सोसवेना. मधुमेह्याने मागे सरावे, त्याने आयुष्यभर पुष्कळ खाल्लेले असते. सहा वर्षांच्या मुलीने काय म्हणून?

तेव्हा असा पदार्थ हवा होता की ज्यात दूध-तूप नाही आणि साखर-गूळही नाही. दूध, तूप, मध यांसह प्राणिज पदार्थ वर्ज्य करणाऱ्यांना ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये जन्मला. आमच्याकडे तत्त्वाचा प्रश्न नव्हता, गरज होती. गोडवा फळांचाच घ्यावयाचा, हे ठरले आणि साहजिकच प्रथम खजूर आठवला.

खजुराचे नाव काढताच मला माझी एक जुनी चूक आठवते. उधन्याकडचे एक वयस्क गृहस्थ माझ्याकडे मधुमेहासाठी येत. मूळचे खानदेशातले, बोलणे मोकळे, गोडाची आवड दांडगी. चहातली साखरसुद्धा बंद म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. गर्दीच्या वेळी, पुढच्या रुग्णाचा कागद हाती घेत मी म्हणालो, “फारच वाटले तर खजूर खा.” तीन महिन्यांनी त्यांच्या साखरेची सरासरी चांगली टक्काभर वर गेलेली. मी थोडा रागावलोच. ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगितलं व्हतं ना, खजूर चालतो म्हणून.” किती खाता, असे विचारले. सकाळी सहा, रात्री सहा. चूक त्यांची नव्हती. मी औषधाची मात्रा मिलिग्रॅममध्ये लिहिली होती आणि खजुराची मात्रा सांगितलीच नव्हती.

सुक्या खजुरात वजनाच्या जवळजवळ दोनतृतीयांश साखरच असते. तंतू असतात, पोटॅशियम असते, ते सारे खरे. पण साखर ती साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ‘मुक्त शर्करे’ची मर्यादा सांगितली: दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी, शक्यतो ५ टक्क्यांहून कमी. २००० कॅलरी घेणाऱ्यासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. अख्ख्या फळातील साखर यात धरत नाहीत. मध आणि फळांचा रस मात्र धरतात. ब्रिटनच्या व्याख्येत तर फळाचा लगदाही धरला जातो. म्हणजे हाच खजूर आपण लाडवासाठी कुसकरला की तो साखरेच्या पंक्तीत जाऊन बसतो! दुकानातल्या खजूर-रोलवर ‘शुगर फ्री’ लिहिलेले पाहून पाऊण किलो घरी नेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

म्हणून आमचा लाडू आम्ही प्रथम तागडीवर केला. बी काढलेला मऊ काळा खजूर २०० ग्रॅम, सुके अंजीर ५० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम आणि सुक्या खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम. खजूर आणि बारीक चिरलेले अंजीर मोदकपात्रात पाचेक मिनिटे वाफवावे, म्हणजे तुपाचे बोटही न लावता हाताने एकजीव होतात. बाकीचे जिन्नस वेगवेगळे, कोरडेच भाजावेत. खोबरे सर्वांत शेवटी आणि मंद आचेवर, कारण ते बघता बघता करपते. लहान मूल खाणार असेल तर बदाम बारीक दळावेत, अख्खा तुकडा घशात अडकण्याचा धोका असतो. वेलदोडा, जायफळ आणि चिमूटभर मीठ. हे मीठ विसरू नये; त्याने गोडी उठून दिसते. साडेचारशे ग्रॅमचे मोजून ३० लाडू, लहान लिंबाएवढे. एका लाडवात सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखर पडते. मला एक, सणाला दोन.

ताज्या फळांच्या बाबतीत सुरतकर भाग्यवान आहे. मुंबईच्या लोहमार्गावर अमलसाडचा चिकू, पुढे वलसाडचा हापूस, त्यापुढे घोलवड-डहाणूचा चिकू, आणखी खाली वसईची सुकेळी. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, साखरेचा कणही नाही. आपल्या आज्या-पणज्यांना कोणी ‘व्हीगन’ हा शब्द न शिकवता केलेला हा मेवा. दुसरीकडे भुसावळच्या मार्गाने जळगावची केळी येतात. आपल्यातील कित्येकांचे वाडवडीलही त्याच मार्गाने आले. त्या केळ्यांचे आमच्याकडे अप्पे होतात: वाटीभर रवा, सालीवर काळे ठिपके आलेली तीन केळी, अर्धी वाटी ओले खोबरे, वेलदोडा, लागेल तसे नारळाचे दूध, अर्धा तास भिजवून अप्पेपात्रात थेंबथेंब तेलावर. नातीच्या डब्यात हे आठवड्यातून दोनदा जातात.

बासुंदीऐवजी पिकलेल्या चिकूचा गर नारळाच्या घट्ट दुधात कालवला तर रंगही तिचाच येतो. मात्र ते दूध उकळू नये, फाटते. आणि तूप गेले म्हणून निर्धास्तही होऊ नये. खोबऱ्यातील मेद बहुतांशी संपृक्तच असतो. हृदयविकाराच्या रुग्णाला ही वाटी अर्धीच भरून द्यावी.

उधन्याचे ते गृहस्थ अजून येतात. त्यांच्या कागदावर आता औषधांच्या खाली मी लिहितो: खजूर, दिवसाला १ नग, जेवणातली अर्धी पोळी कमी करून.

गेल्या चंदी पडव्याला गच्चीवर दुसरी थाळी मांडली. सुरतकरांसमोर तिला घारी म्हणण्याचे धाडस आम्ही केले नाही. पण वाटण्याचे काम नातीने स्वतःकडे घेतले आणि प्रत्येकाला ती बजावत होती, “हे माझं आहे, तुम्ही पण खा.” शेजारच्या भाभींना लाडू फार आवडले. त्यांनी कृती लिहून नेली, आणि चारच दिवसांनी डबा भरून लाडू पाठवले. आकार सुबक, चव उत्तम. वर दोन बोटे थिजलेले तूप. नातीला ते देता आले नाहीत. मी मोजून एक खाल्ला.