नाकारलेली रजा बुडत नाही

आमचे वडील इंदूरच्या एका कापडगिरणीत साच्यावर काम करीत. माझ्या धाकट्या आत्याचे लग्न खानदेशात, आमच्या मूळ गावी ठरले, तेव्हा त्यांनी महिनाभर आधीच जॉबरच्या कानावर घातले होते. "सध्या माणसे कमी आहेत, पुढे बघू," एवढेच उत्तर मिळाले. वडील गावी पोहोचले ते अक्षता पडून गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. पुढे १९८४ साली ते निवृत्त झाले. हिशोब घेताना त्यांच्या नावावर अवघी तीस दिवसांची रजा निघाली. "आणि बाकीची?" असे त्यांनी विचारले. कारकून म्हणाला, "मागितल्याचा कागद दाखवा." कागद नव्हता. वडिलांनी रजा नेहमी तोंडीच मागितली होती.

त्या एका कागदाचे मोल किती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ते प्रत्येक नोकरदार घरात वेळीच कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.

सुट्टी कामगाराला कोणी आपणहून दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांतून एके काळी आठवड्याची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, सभा भरविल्या, तेव्हा कोठे १८९० साली मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यात भरपगारी वार्षिक रजेचे प्रमाण ठरले. वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास पुढील वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवसाची रजा. म्हणजे ३०० दिवस भरले की १५ दिवस. रजेच्या काळात येणाऱ्या सुट्ट्या त्यात धरावयाच्या नाहीत. तेव्हा ही रजा म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे; ती आपण काम करून आधीच मिळविलेली असते.

न घेतलेली रजा पुढील वर्षी नेता येई, पण ३० दिवसांपर्यंतच. वडिलांची रजा अडली ती याच मर्यादेपाशी. परंतु त्याच कलमात पुढे एक तरतूद होती. कामगाराने रीतसर अर्ज करूनही रजा नाकारली गेली, तर ती नाकारलेली रजा कितीही साठली तरी पुढे नेता येत असे. अर्ज मात्र लेखी आणि सर्वसाधारणपणे १५ दिवस आधी हवा.

आता कायदा बदलला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली. वीस दिवसांमागे एक दिवस हे प्रमाण, तीस दिवसांची मर्यादा आणि नाकारलेल्या रजेची तरतूद ही तिन्ही कायम आहेत. शिवाय वर्षअखेरीस मागणी करून शिल्लक रजेचे पैसेही घेता येतात.

बडोदे, बेळगाव वा ग्वाल्हेर येथे दुकानात किंवा पेढीवर काम करणाऱ्या आपल्या मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. दुकानांसंबंधीचे कायदे राज्याराज्यांचे वेगवेगळे आहेत. पुण्याच्या मामेभावाला जेवढी रजा मिळते तेवढीच आपल्याला मिळेल असे नाही. आपण जेथे चाकरी करतो तेथील नियम पाहावेत.

आणि रजा मागावी ती लेखीच. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एकीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि नकार मिळाला तरी तो कागद जपून ठेवावा.

माझा मुलगा पीथमपूरच्या एका कारखान्यात आहे. गौरी-गणपतीसाठी त्याने यंदा वेळेवर अर्ज दिला आणि पोच घेऊन घरी आला. मी ती पोच वडिलांच्या जुन्या हजेरी-कार्डाशेजारी, त्याच पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे.