पिंजऱ्यापुढचा प्रेक्षक

हिवाळ्यात शाळांच्या सहली निघू लागल्या, की शिरूर कासार तालुक्यातील मुलांना छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयाचे वेध लागतात. परतल्यावर निबंधाचा विषय ठरलेलाच असतो. शिक्षक या नात्याने असे शेकडो निबंध मी तपासले आहेत. ‘वाघ रुबाबदार होता, माकडे खोडकर होती, साप सुस्त होता,’ ही वाक्ये बहुतेक वह्यांत आढळतात. ती प्राण्यांना पाहून सुचलेली नसतात; घरून निघतानाच तयार असतात.

दोष मुलांचा नाही. तासाभरात सारे पिंजरे उरकून बसमध्ये बसायचे असेल, तर निरीक्षणास सवड कोठून मिळणार? मोठ्या माणसांची तऱ्हाही निराळी नसते. प्राणी निजला असेल तर आपले पैसे वाया गेले असे त्यांना वाटते आणि मग जाळी वाजविणे, खडा मारणे, आरोळ्या ठोकणे सुरू होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 1991 साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यास छेडणे, खाऊ घालणे, किंबहुना गोंगाटाने त्रास देणे हादेखील गुन्हा आहे. परंतु ज्याला आपण प्राण्याला त्रास देत आहोत हेच उमगत नाही, त्याला कायदा कोठवर आवरणार?

याहून गंभीर गोष्ट अशी, की डोळ्यांसमोर घडते त्याचा आपण उलटा अर्थ लावतो. बांधलेला हत्ती एका जागी तासन् तास डोलू लागला, की प्रेक्षक टाळ्या पिटून ‘हत्ती नाचतो’ म्हणतात. वाघ जाळीलगत त्याच वाटेने त्याच वळणावरून शंभरदा फिरला, तर तो ऐटीत चालतो असे वाटते. वस्तुतः अशी निरर्थक पुनरावृत्ती बंदिवासातील कोंडमाऱ्याचे लक्षण आहे, असे अभ्यासक सांगतात. हत्तीला लागणारी मोकळीक प्राणिसंग्रहालयात मिळू शकत नाही, म्हणून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2009 साली तेथे हत्ती ठेवण्यास मनाई केली. सिद्धार्थ उद्यानातील सरस्वती आणि लक्ष्मी या मायलेकी 2017 मध्ये विशाखापट्टणमला गेल्या. त्या गेल्याने मुले हळहळली. पण त्या का गेल्या, हे आपण मुलांना कितपत सांगितले?

येथे मला माझी स्वतःची एक चूक नमूद केली पाहिजे. आईबाप ऊसतोडीला गेल्यामुळे आजीजवळ राहणारा एक विद्यार्थी सहलीची वर्गणी भरू शकला नव्हता. निबंध मात्र सर्वांनाच लिहावयाचा होता. त्याने आपल्या शिवारातील काळविटांवर लिहिले : बैलगाडी जवळून गेली तरी कळप चरत राहतो, पण गाडीतून माणूस खाली उतरला की माना वर होतात आणि कळप उधळतो, काळा नर ठराविक जागीच लेंड्या टाकतो. मी वहीवर लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि गुण कापले.

पुढे स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांचे विचार वाचनात आले. बर्न, बाझेल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालये सांभाळणाऱ्या या माणसाने दाखवून दिले, की शत्रू किती जवळ आल्यावर पळावयाचे याचे प्रत्येक प्राण्याचे अंतर ठरलेले असते. आणि पिंजरा बांधताना या अंतराचा विचार न झाल्यास प्राणी सतत भयाखाली जगतो. ते वाचताना मला ती वही आठवली. बैलगाडीला न बुजणारे, पण माणसाला पाहताच पळणारे काळवीट त्या मुलाने नेमके टिपले होते. सहलीला गेलेल्या अख्ख्या वर्गात असे एकही निरीक्षण नव्हते.

प्राणिसंग्रहालये बंद करा, असे माझे म्हणणे नाही. ज्या मुलाला वाघ दुसरीकडे कोठेही दिसणार नाही, त्याने तो तेथे जरूर पाहावा. मात्र चाळीस पिंजऱ्यांपुढून धावण्याऐवजी एकाच पिंजऱ्यापुढे अर्धा तास शांत उभे राहावे. प्राणी कोठे बसतो, सावली शोधतो काय, गर्दी वाढली की मागे सरतो काय, एवढेच लिहावे. विशेषणे घरी ठेवावीत. मग हीच वही घेऊन आपल्या शिवारात जावे. आपल्याच तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ व सृष्टी सोनवणे हे दांपत्य ‘सर्पराज्ञी’ केंद्रात जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडते. प्राण्याला सोडून देण्यासाठीच सांभाळावयाचे असते, हा धडा तेथे मिळतो आणि त्यासाठी मोठी वर्गणीही लागत नाही.

त्या विद्यार्थ्याची वही आता माझ्याजवळ नाही आणि शाळा सोडून तो कोठे गेला, हेही मला ठाऊक नाही. तो लाल शेरा मला आता खोडता येणार नाही. यंदाच्या सहलीनंतर वह्या तपासताना तसा शेरा पुन्हा कोणत्याही वहीवर पडू नये, एवढे मात्र आपण शिक्षकांना सहज करता येण्याजोगे आहे.