३.८ अंशांचे किती टीएमसी?

३.८ अंश सेल्सिअस. १८९९ ते २०१८ या १२० वर्षांत उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाचं वार्षिक सरासरी तापमान एवढं वाढलं. श्रीगोंद्यात हा आकडा सांगितला तर कुणी दचकणार नाही. इथे हिवाळ्यात पहाट आणि दुपार यांच्यातच पंधरा अंशांचा फरक पडतो. ज्याला ही चढउतार रोजची, त्याला शंभर-सव्वाशे वर्षांतल्या चार अंशांची काय मातब्बरी?

पण दुपारचं ऊन हा एका दिवसाचा हिशेब झाला. वार्षिक सरासरी म्हणजे ३६५ दिवस आणि तितक्याच रात्री मिळून एक आकडा. थंडीच्या लाटा, उन्हाचे तडाखे, ढगाळ आठवडे, सगळं त्यात एकमेकांत जिरून जातं आणि उरतो तो प्रदेशाचा मूळ स्वभाव. तो सहजी हलत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली भारताच्या बदलत्या हवामानाचा अहवाल निघाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. स्वालबार्डची वाढ याच्या पाचपटीहून जास्त आहे.

वेग पाहिला तर डोकं आणखी गरगरतं. १९९१ ते २०१८ या काळात स्वालबार्ड दर दशकाला १.७ अंशाने तापत गेलं, म्हणजे जगाच्या सरासरीच्या साधारण सातपट वेगाने. भारताला ०.७ अंश चढायला शतकाहून अधिक काळ लागला. स्वालबार्डच्या या वेगाने तेवढ्याला चार वर्षं पुरतात. २०१०च्या अखेरीपासून तिथे सलग १०० हून अधिक महिने असे गेले, की प्रत्येक महिना १९६१ ते १९९० या काळातल्या त्याच महिन्याच्या सरासरीपेक्षा उबदार निघाला.

हे आकडे आले कुठून? स्वालबार्डच्या विमानतळावर नोंदी सुरू झाल्या १९७५ साली. त्याआधीच्या काळासाठी संशोधकांनी ग्रीन हार्बर इथल्या १९११ पासूनच्या नोंदी घेतल्या. त्याच्याही मागे जायला, हिवाळा काढण्यासाठी तिथे राहिलेल्या शिकाऱ्यांनी आणि शोधमोहिमांनी टिपलेली तापमानं जुळवली. अशी १८९८ पर्यंत मागे जाणारी अखंड मालिका तयार झाली. इतक्या उत्तरेकडे एवढ्या लांबीच्या नोंदी फारच थोड्या आहेत.

योगायोग असा, की त्याच १८९८ मध्ये लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेतून सुटले. पुढे १९०३ साली त्यांचा आर्क्टिक प्रदेशावरचा ग्रंथ आला. हिमयुगापूर्वी ध्रुवप्रदेश सौम्य हवामानाचा होता आणि आर्यांचं मूळ वसतिस्थान तिथेच होतं, असा त्यांचा सिद्धांत. अभ्यासक आज तो मान्य करत नाहीत. पण ध्रुवाचं हवामान बदलायला हजारो वर्षं लागतात, ही त्या काळची समजूत होती. टिळक ज्या साली तुरुंगाबाहेर आले, तेव्हापासूनच्या नोंदींनी ती मोडीत काढली.

श्रीगोंद्याहून स्वालबार्डमधलं न्यू-आलेसुंड हवाई अंतराने सुमारे ७,४०० किलोमीटर. तरी ते अगदी परकं नाही. १ जुलै २००८ रोजी भारताने तिथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू केलं. ध्रुवापासून ते जेमतेम १,२०० किलोमीटरवर आहे आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. आधी मुक्काम मुख्यतः उन्हाळ्यापुरता असे. डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ तिथल्या काळोख्या हिवाळ्यातही राहू लागले.

आता मुद्द्याची गोष्ट. श्रीगोंद्यात ३९ चे ४२ झाले तर अंगाची लाही होते, लिंबोणीची फुलं गळतात, पण विहिरीतलं पाणी पाणीच राहतं. स्वालबार्डमध्ये उणे दोनचं अधिक एक झालं, की जमीन, रस्ता, किनारा, सगळ्यांची जातच बदलते. दगडासारखं होतं ते वाहू लागतं. तीन अंश दोन्हीकडे तेवढेच, फक्त तिकडे वाटेत शून्य लागतं. १९६१ ते १९९० मध्ये स्वालबार्ड विमानतळाची वार्षिक सरासरी उणे ६.७ होती. १९९१ ते २०२० मध्ये ती उणे ३.९ झाली. सरासरी अजून शून्याखाली आहे, पण वर्षातले शून्य ओलांडणारे दिवस वाढत चालले आहेत.

मग किती वाहिलं? उपग्रहांच्या सलग नोंदींतल्या पहिल्या, म्हणजे १९७९ च्या, सप्टेंबर नीचांकाला आर्क्टिक समुद्रावर सुमारे ६९ लाख चौरस किलोमीटर बर्फ होता. २०१२ मध्ये उरला ३४ लाख. वजाबाकी ३५ लाख, म्हणजे अकरा महाराष्ट्र बसतील एवढा. अख्ख्या भारताचं क्षेत्रफळही त्याहून कमी आहे. २०१२ चा नीचांक पुढे मोडला नाही, पण १९७९ ची पातळीही परत दिसली नाही.

जमिनीवरच्या बर्फाचा हिशेब श्रीगोंदेकरांच्या मापात करू. ग्रीनलँड २००२ पासून दर वर्षी सरासरी २७० अब्ज टन बर्फ गमावतं आहे. त्याचं पाणी होतं सुमारे ९,५०० टीएमसी. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं मिळून उपयुक्त साठा जेमतेम ३० टीएमसी. त्यातल्या आवर्तनासाठी टेलच्या गावांना दर उन्हाळ्यात रस्त्यावर यावं लागतं. या पाच धरणांएवढं पाणी ग्रीनलँड जवळजवळ रोज समुद्रात सोडतं. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहत गेलेली भीमा पुढे ज्या उजनीत अडते, ते ११७ टीएमसीचं धरण साडेचार दिवसांत काठोकाठ भरेल. वर्षाला ८१ उजनी! एवढं होऊनही जगातल्या समुद्राची पातळी वर्षाला पाऊण मिलिमीटरच चढते, यावरून समुद्राचा पसारा कळावा. आणि ग्रीनलँडवर शिल्लक किती? नऊ कोटी टीएमसीच्या वर. आजच्याच वेगाने ते सगळं वितळायला दहा हजार वर्षं लागतील. धोका आहे तो वेग आजचाच न राहण्यात.

ध्रुवच का एवढा तापतो? ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊन परतवतो. बर्फ गेला की खालचं काळंभोर पाणी नव्वद टक्क्यांहून अधिक ऊन पिऊन टाकतं. तापलेलं पाणी आणखी बर्फ खातं आणि चक्र पुढे फिरतं. १९७९ नंतर आर्क्टिक जगाच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलं, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

याच स्वालबार्डमध्ये, फेब्रुवारी २००८ मध्ये, डोंगराच्या पोटात जगाची बीजतिजोरी उघडली. उणे १८ अंशांत ४५ लाख वाणांचं बियाणं मावेल एवढी तिची क्षमता. हैदराबादजवळच्या पटानचेरूच्या इक्रिसॅट संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांचं राखीव बियाणं तिथे ठेवलं आहे. म्हणजे श्रीगोंद्याच्या भाकरीचं गणगोत तिथे मुक्कामाला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये अवेळी उबेने वितळलेलं पाणी तिजोरीच्या बोगद्यात शिरलं. बियाणं सुरक्षित राहिलं, पण कायम गोठलेली म्हणून निवडलेल्या जागेचा बोगदा नव्याने जलरोधक करावा लागला.

धागा उलट दिशेनेही येतो. वास्कोच्या केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक शक्यता मांडली: उन्हाळ्यात कारा समुद्रावरचा बर्फ कमी झाला, की युरोपवरून येणाऱ्या वरच्या थरातल्या वाऱ्यांची घडी बदलते आणि अरबी समुद्र गरम असेल तर मध्य भारतात सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीला बळ मिळतं. हा संबंध त्यांनी ‘संभाव्य’ म्हटला आहे, सिद्ध नव्हे. पण सप्टेंबर-ऑक्टोबर हीच आपल्याकडे रब्बी ज्वारीच्या पेरणीची वेळ. वाफसा मिळाला तर पेरणी, नाहीतर खोळंबा.

म्हणून उन्हाळ्यात ‘पारा ४२ वर’ अशी बातमी वाचताना एक प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे: वर्षाची सरासरी काय आहे आणि गेल्या तीस वर्षांत ती कुठे होती? ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आज महसूल मंडळांपर्यंत पोचली आहेत. पीकविम्याच्या वेळी आपण त्यांच्या पावसाचे आकडे हटकून मागतो. तापमानाचेही मागा. शाळांनी, ग्रामपंचायतींनी किमान आणि कमाल तापमानाची वही घालावी आणि ती जपून ठेवावी. नातवंडांना हिशेब द्यायचा, तर नोंदी आजपासूनच लागतील.