जुन्या चित्रपटाचा दुसरा जन्म

महेश भट्ट यांच्या ‘सडक’ या 1991 सालच्या हिंदी चित्रपटाचा दुसरा भाग निघणार, ही वार्ता 2018 साली जाहीर झाली. नायक-नायिकेच्या चाहत्यांना आनंद झाला असल्यास त्यात नवल नाही. परंतु अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, रसिकाच्या मनात पहिला प्रश्न निराळाच उभा राहावा, हे स्वाभाविक होते: आता ‘महाराणी’ कोठून आणणार? कुंटणखाना चालविणारी ती भयंकर महाराणी उभी केली होती सदाशिव अमरापूरकर यांनी. 1950 साली नगरला जन्मलेला हा नट मराठी रंगभूमीवरून ‘अर्धसत्य’च्या द्वारे 1983 साली हिंदी पडद्यावर गेला. खलनायकाच्या कामासाठी फिल्मफेअरचे स्वतंत्र पारितोषिक प्रथमच दिले गेले, तेही या महाराणीलाच. आणि दुसऱ्या भागाची वार्ता आली तेव्हा अमरापूरकरांना जाऊन चार वर्षे होत आली होती.

निर्मात्याचा हिशेब समजण्यास कठीण नाही. नव्या कथेला स्वतःची ओळख करून द्यावी लागते. गाजलेल्या चित्रपटाचे नाव मात्र निम्मी जाहिरात आपली आपणच करते. ज्यांनी मूळ चित्रपट चित्रगृहात पाहिला ते मुलाबाळांना घेऊन येतील, आणि ज्यांनी तो दूरचित्रवाणीवर पाहिला तेही कुतूहलाने येतील, ही त्यामागील अपेक्षा. चाहता मात्र असा हिशेब करीत नाही. वार्ता कानी पडताच तो हरखतो, आणि दुसऱ्याच क्षणी धास्तावतो. आपल्या ठेव्याला कोणी हात तर लावणार नाही ना?

कोणी म्हणेल, ही धास्ती अनाठायी आहे; पुनरावृत्ती तर आपल्या चित्रपटाच्या पाचवीलाच पुजलेली. ते खरेही आहे. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि चारच वर्षांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, तोही हरिश्चंद्राचाच. त्याच वर्षी ‘श्यामसुंदर’मध्ये बालकृष्ण झालेले शाहू मोडक हे मूळचे नगरचे, ख्रिस्ती कुटुंबातले. पुढे कितीतरी चित्रपटांत ते कृष्ण झाले. 1940 साली प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ज्ञानेश्वरही झाले. ज्या नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते गाव नगर जिल्ह्यातलेच, हा एक गोड योग. एवढे कृष्ण पाहूनही प्रेक्षक कधी रुसला नाही.

परंतु तेथे कथा सर्वांची होती. हरिश्चंद्र कोणा एका नटाचा नव्हता. नट बदलला तरी राजा तोच राहत असे. महाराणीचे तसे नाही. ती अमरापूरकरांच्या नजरेतून, आवाजातून आणि हातवाऱ्यांतून जन्मली. त्यांना वगळले तर कागदावर केवळ नाव उरते.

नट हयात असले म्हणजे प्रश्न पुष्कळसा सुटतो. ‘नवरा माझा नवसाचा’ 2004 साली एस.टी.च्या गाडीतून गणपतीपुळ्यास निघाला. 2024 साली दुसरा भाग आला तो कोकण रेल्वेतून. सचिन, सुप्रिया आणि अशोक सराफ ही मंडळी तीच होती, वीस वर्षांनी थोर झालेली. त्यांच्याबरोबर आपलेही वय वाढले, हे प्रेक्षक समजून घेतो.

‘झपाटलेला’ची गोष्ट अधिक अवघड. 1993 सालच्या त्या चित्रपटात तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला नेमका भोळ्या लक्ष्याच्या घरी येतो. लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी निवर्तले. 2013 साली त्यांच्यावाचून दुसरा भाग निघाला. तिसऱ्या भागात कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने लक्ष्याला पुन्हा पडद्यावर आणण्याचा मानस दिग्दर्शक महेश कोठारे यांनी बोलून दाखविला आहे. गंमत अशी की, पडद्यावर जो मंत्र तात्या विंचूने म्हटला, तोच आता यंत्राने लक्ष्यासाठी म्हणावयाचा आहे! यंत्र चेहरा देईल, आवाजही देईल. परंतु संवाद म्हणता म्हणता लक्ष्मीकांत ऐन वेळी जे काही करून जात, ते त्याला कोण सांगणार? तरीही लक्ष्या पुन्हा दिसेल या आशेनेच चाहत्याचा जीव वरखाली होतो. त्याला हसणे हा अन्याय होय.

‘सडक 2’ अखेर 28 ऑगस्ट 2020 रोजी आला. महामारीमुळे चित्रगृहे बंद होती. तो घरोघरी लहान पडद्यावर पाहिला गेला आणि समीक्षकांना मुळीच रुचला नाही. त्यातील दुष्ट होता एक ढोंगी बाबा. ज्या नगरकराला महाराणी पाहावयाची होती, त्याने मग 1991 चाच चित्रपट पुन्हा लावला असल्यास त्याला दोष देता येत नाही.