सायकलीला इंजिन, भाग ४ : मागचा स्प्रॉकेट

गेल्या आठवड्यात इंजिन फ्रेमच्या त्रिकोणात बसवलं. आता त्याची ताकद मागच्या चाकापर्यंत न्यायची. सायकलीची स्वतःची चेन उजवीकडे असते, ती तशीच राहते. इंजिनाची चेन डावीकडून जाते आणि तिच्यासाठी मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला एक मोठा स्प्रॉकेट बसवावा लागतो. सगळ्या जोडकामात सर्वांत जपून करायचं काम हेच, असं माझं ठाम मत आहे. कार्ब्युरेटर बिघडला तर गाडी बंद पडते, एवढंच. स्प्रॉकेट सुटला तर चेन स्पोकमध्ये अडकते आणि चालत्या गाडीचं मागचं चाक जखडतं.

सर्रास मिळणारं चिनी टू-स्ट्रोक किटच उदाहरणाला घेऊ. ते ‘८० सीसी’ म्हणून विकलं जातं. पण ४७ मिलिमीटर बोअर आणि ३८ मिलिमीटर स्ट्रोक असला की हिशेब ६६ सीसीचाच येतो. त्यासोबत ४४ दातांचा स्प्रॉकेट येतो. मधे मोठं भोक, त्याभोवती नऊ लहान भोकं. शिवाय दोन जाड रबरी चकत्या, लोखंडी पट्ट्यांचे तीन तुकडे आणि नऊ नट-बोल्ट. एक चकती स्पोकच्या आतल्या बाजूला, दुसरी बाहेरच्या. बाहेरच्या चकतीवर स्प्रॉकेट आणि आतल्या चकतीमागे लोखंडी पट्ट्या. बोल्ट या सगळ्यांतून, स्पोकांच्या फटींमधून आरपार जातात. आतली चकती अखंड असताना स्पोकांपलीकडे जात नाही. म्हणून ती मधल्या भोकापासून कडेपर्यंत एका जागी कापायची. काप दोन बोल्टांच्या भोकांच्या बरोबर मधे यायला हवा. भोकावर आला तर तिथलं रबर पकडच घेत नाही.

दातांचा हिशेब थोडक्यात. इंजिनाच्या पोटातला गिअर वेग सुमारे ४.१ पट कमी करतो. बाहेर १० दातांवरून ४४ दातांवर जाताना तो आणखी ४.४ पट कमी होतो. म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या अठरा. २६ इंची चाकावर ताशी ३० किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण ४,३५० फेरे घेतं. ३६ दातांचा स्प्रॉकेट लावला तर त्याच वेगाला साडेतीन हजारांच्या आसपास, पण चढावर ओढ कमी. पहिल्या जोडणीला ४४च ठेवा.

खरी अडचण स्पोकची आहे. स्पोक ताण घेण्यासाठी असतो, वाकण्यासाठी नाही. पॅडलची ताकद फ्रीव्हीलमधून हबला मिळते आणि हब स्पोकांना त्यांच्या मुळाशी ओढतो. इथे मात्र बोल्ट स्पोकांना मधेच आडवे ढकलतात, तेही फक्त डाव्या बाजूच्या. चढावर उभं राहून पॅडल मारणारा माणूसही काही कमी जोर लावत नाही. फरक जोराच्या वाटेत आहे. प्रत्येक झटक्याला स्पोक हबपाशी, जिथे त्याला वळण दिलेलं असतं तिथे, किंचित वाकतो आणि कालांतराने तिथेच तुटतो. कुठल्याही मोटरसायकलचं मागचं चाक पाहा. स्प्रॉकेट हबवर असतो. झटके पचवायला रबर तिथेही असतं, पण हबच्या पोटात.

आपल्याकडच्या काळ्या, उंच, दांडीच्या सायकलींसाठी तर ही पद्धत मुळातच जुळत नाही. किट ३६ स्पोकच्या चाकासाठी आखलेलं आहे. डाव्या बाजूला अठरा स्पोक, दर दोन स्पोकांमागे एक बोल्ट. आपल्या जुन्या सायकलीच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात, डावीकडे वीस. विसाला नवाने भाग जात नाही, त्यामुळे काही बोल्ट फटीत बसतात आणि काही थेट स्पोकवर येतात. तिथे ठोकून, स्पोक बाजूला दाबून बोल्ट घालू नका. एक तर ३६ भोकांचा हब आणि रिम घेऊन चाक नव्याने बांधून घ्या, शक्यतो १२ गेजच्या जाड स्पोकनी. नाही तर हबलाच पकडणारा क्लॅम्प वापरा. मी क्लॅम्पच्या बाजूचा आहे. हबचा व्यास व्हर्नियरने मोजून दोन अर्धी कडी लेथवर काढून घ्यायची. आवळल्यावर दोन्हींमधे दोन्हीकडे सारखी फट उरली पाहिजे. फट मिटली, तर पकड हबला नव्हे, कड्यांना कड्यांची बसली आहे.

कसंही बसवलं तरी स्प्रॉकेट एक्सलच्या बरोबर मध्यावर फिरला पाहिजे. रिमकडे बघून हे ठरवायचं नाही. आधी कोन तपासा. चाक आडवं हलत असेल तर पुढचं मोजमाप फुकट. मग सायकल उलटी उभी करा, मागच्या चिमट्याच्या दांडीला ट्यूबच्या पट्टीने पेन्सिल बांधा आणि तिचं टोक दातांच्या शेंड्यापासून केसभर अंतरावर आणा. चाक हळूहळू फिरवा. फट एका जागी मोठी आणि समोर लहान होत असेल, तर स्प्रॉकेट मध्यावर नाही. सगळे बोल्ट थोडे सैल करून उंच बाजूला लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोका, पुन्हा आवळा, पुन्हा फिरवा. नंतर पेन्सिल दातांच्या बाजूला धरून डुलणं पाहा. जी बाजू बाहेर येते तिथले बोल्ट थोडे जास्त आवळायचे. बोल्ट नेहमी समोरासमोरचे, पाव-पाव फेरीने, रबर कडेला जरासं फुगेपर्यंतच. या कामाला अर्धा दिवस गेला तरी चालेल. मध्य दीड मिलिमीटर जरी चुकला, तरी चेन चाकाच्या प्रत्येक फेरीत एकदा ताठ आणि एकदा सैल होते. ताशी ३०ला सेकंदाला चार वेळा.

इंजिनाची चेन ४१५ नंबरची. तिच्या कड्यांचं अंतर सायकलच्या चेनइतकंच, अर्धा इंच. पण ती रुंद असते, म्हणून सायकलची चेन या दातांवर बसत नाही. दोन्ही चेन एकाच एक्सलवर असल्याने चाक मागे ओढलं की दोन्ही ताणल्या जातात. आधी चाक ओढून पॅडलची चेन जमवा, मग इंजिनाची चेन कड्या काढून, लागल्यास अर्धी कडी घालून त्या मापाची करा. खालच्या बाजूला अर्धा ते पाऊण इंच ढील ठेवा. किटमधल्या ताण-रोलरवर जास्त भार टाकू नका. त्याची पकड गोल दांडीवर असते. ती फिरली की रोलर थेट स्पोकमध्ये जातो.

बॅटरीचं किट लावणाऱ्यांसाठी एक सूचना. फ्रीव्हील डावीकडे आट्यांवर बसवायचं असेल तर आटे उलटे हवेत. सरळ आट्यांचं फ्रीव्हील मोटरच्या जोराने सुटत जातं. कायद्याचंही इथेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला २५ सीसीपर्यंतच सूट आहे. ६६ सीसीचं इंजिन लावलेली सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते, म्हणून ती नोंदणीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. बॅटरीच्या गाडीला २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत, इतर अटी पाळून, सूट मिळते.

पहिली चक्कर आवारातच मारा. परतल्यावर नऊही बोल्ट पुन्हा पाना लावून तपासा, कारण रबर दबतं आणि नट सैल पडतात. प्रत्येक स्पोक बोटांनी दाबून पाहा. एखादा बाकीच्यांपेक्षा ढिला लागला तर आधी चाकाचा आउट काढून घ्या. पुढच्या आठवड्यात क्लचची केबल.