कोंबड्यांची शेड आणि निफाडची पहाट

गैरसमज : वास नाही, म्हणजे हवा स्वच्छ.

कोंबडीच्या विष्ठेत युरिक आम्ल असते. शेडमध्ये अंथरलेले भाताचे तूस ओलावले की जिवाणू त्या आम्लापासून अमोनिया तयार करतात. तिथे रोज वावरणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावते, मात्र डोळ्यांची आणि श्वासनलिकेची जळजळ थांबत नाही. पिसांची आणि खाद्याची बारीक धूळ तर नाकाला जाणवतही नाही.

गैरसमज : शेड ५०० मीटरवर आहे, मग गावाला धोका नाही.

निवासी भागापासून ५०० मीटर हे अंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांतले आहे आणि ते हवेच. अमोनिया पहिल्या काही शे मीटरांतच बराच विरतो. पण हवा कंपासने आखलेल्या वर्तुळात थांबत नाही. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे शेडच्या पूर्वेची वस्ती त्याच्या वाटेत येते. हिवाळ्याची गोष्ट आणखी वेगळी. ज्या थंडीत निफाडचे बागायतदार द्राक्षे वाचवायला शेकोट्या पेटवतात, त्याच थंडीत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते आणि उताराने ओढ्याकडे सरकते. दुपारी मोजाल तर आकडा कमी, पहाटे मोजाल तर जास्त.

म्हणून अमोनियाचा नकाशा करायचा तर ५०, १००, २०० आणि ५०० मीटरवर, चारही दिशांना, तिन्ही ऋतूंत अमोनिया शोषणाऱ्या नळ्या टांगाव्या लागतात. त्या स्वस्त असतात, पण केवळ सरासरी देतात. पहाटेचा चढ पकडायला तासातासाची नोंद करणारे यंत्र हवेच. अंगणवाडी कुठे आहे आणि शेडला लागून कोण झोपते, हेही त्या नकाशावर यायला हवे. मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते, कारण शेडशेजारच्या खोलीत राहणारे मजुराचे कुटुंब रात्रभर तीच हवा घेते.

गैरसमज : मोबाइलवर नाशिकची हवा दिसतेच की.

तो आकडा गंगापूर रोड, अंबड अशा शहरातल्या केंद्रांचा. सिन्नरच्या एखाद्या शेडजवळची हवा त्यातून कळत नाही. उपग्रहाच्या नोंदींवरून २०१८ साली जगभरातली अमोनियाची २४८ ठळक ठिकाणे दाखवली गेली, पण उपग्रहाचा एकेक ठिपका सुमारे १२ किलोमीटरचा. एकटी शेड त्यात दिसणार कशी?

गैरसमज : हा खेड्यापुरता प्रश्न.

कोळसा जाळणाऱ्या एकलहरेसारख्या वीज केंद्रातून सल्फर डायऑक्साइड निघतो. हवेत त्याचे आम्ल होते, अमोनियाशी संयोग होऊन सूक्ष्म कण बनतात आणि ते दूरवर जातात.

गैरसमज : उपाय म्हणजे शेड बंद करणे.

करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याला ही धास्ती असते. पण तूस कोरडे राहिले की अमोनिया घटतो. पाण्याचे गळके निपल वेळेवर बदलणे, तूस उलटत राहणे, कोंबडखताचा ढीग झाकणे ही कामे त्याच्या हातातली आहेत.