मऊ की कणखर : डिझेल बेअरिंगच्या निवडीचा मागोवा

डॉज रॅम पिकअपमध्ये १९८९ साली कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन आले, तेव्हा त्याची ताकद होती १६० अश्वशक्ती आणि टॉर्क ४०० पौंड-फूट. ट्रक आणि शेतीची यंत्रे डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले हे सहा सिलिंडरचे घराणे. आपल्याकडच्या टाटा ट्रकमध्येही ते वर्षानुवर्षे धावले. तीस वर्षांनी, २०१९ च्या रॅममध्ये याच घराण्यातले ६.७ लिटरचे इंजिन कारखान्यातूनच १००० पौंड-फूट टॉर्क घेऊन बाहेर पडले. अमेरिकेतल्या पुलिंगच्या आणि ड्रॅग रेसच्या मैदानांवर इंजिन बिल्डर मंडळी तर त्याच्या कितीतरी पुढे गेली. टर्बो आणि इंजेक्टरची चर्चा सगळेच करतात. क्रँकभोवतीच्या पातळ बेअरिंग शेलचा विषय मात्र बहुधा बेअरिंग गेल्यावरच निघतो.

या शेलवर किती भार येतो? ५.९ चा बोअर १०२ मिलिमीटरचा. सिलिंडरमधला दाब २०० बारवर गेला, की एका पिस्टनवर सुमारे साडेसोळा टनांचा रेटा बसतो. तो कनेक्टिंग रॉडच्या वरच्या शेलवर आणि पुढे मेन बेअरिंगच्या खालच्या शेलवर उतरतो. मध्ये असतो फक्त काही मायक्रॉनचा ऑइलचा थर.

हा थर एवढे ओझे पेलतो, हे कळले ते अपघातानेच. इंग्लंडमध्ये १८८३ च्या सुमारास ब्यूचॅम्प टॉवर बेअरिंगच्या घर्षणाचे प्रयोग करत होते. वंगणासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर शाफ्ट फिरू लागताच ऑइल त्यातून उलट बाहेर येऊ लागले. बूच लावले, ते वर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही टिकली नाही. शेवटी गेज जोडला, तेव्हा दाब दर चौरस इंचाला २०० पौंडांच्याही वर निघाला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला जेमतेम १०० पौंडांचा होता. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्यामागचे गणित मांडले. आजचा प्रत्येक क्लिअरन्स त्याच गणितावर उभा आहे.

थर फाटतो तेव्हा धातूची परीक्षा होते. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये काढलेला कथील-अँटिमनी-तांब्याचा मिश्रधातू, म्हणजे गॅरेजमधले व्हाइट मेटल, मऊ असतो; कचरा पोटात घेतो आणि क्रँक वाचवतो. पण डिझेलच्या ठोक्यांखाली त्याला तडे जात. म्हणून पोलादी पाठीवर तांबे-शिशाचा थर आला. तो दमदार होता, पण जुन्या ऑइलमधल्या आम्लांनी त्यातले शिसे खाल्ले जाई. त्यावर शिसे-कथलाचा अगदी पातळ लेप चढवला आणि ट्रायमेटल शेल तयार झाले. या लेपाची जाडी साधारण १२ ते २५ मायक्रॉन. लेप जितका पातळ, तितका तो थकव्याला टिकतो. मात्र कचरा सामावून घ्यायला जागा कमी उरते. क्लिवाइटच्या एच मालिकेसारख्या रेसिंग शेलमध्ये मुद्दाम पातळ लेप ठेवला जातो, तो याच हिशेबाने.

पुढची उडी युरोपातून आली. ऑस्ट्रियाच्या मिबा कंपनीने १९८० च्या दशकात निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियम-कथलाचा थर चढवलेली स्पटर शेल बाजारात आणली. ती इतकी कणखर, की अनेक इंजिनांत रॉडच्या फक्त वरच्या, भार घेणाऱ्या बाजूला स्पटर आणि खाली मऊ शेल अशी जोडी बसू लागली. आजवरच्या साऱ्या तोडग्यांत हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण कणखरपणा जिथे हवा तिथेच तो ठेवला आहे.

युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशामुळे नव्या मोटारींच्या इंजिन बेअरिंगमधले शिसेही गेले. त्यासाठीची शेवटची सवलत १ जुलै २०११ ला संपली. जड ट्रक त्या नियमाबाहेर होते, पण कारखान्यांचा ओघ शिसेमुक्त शेलकडे वळला. बिस्मथ आले, पॉलिमरचे लेप आले.

रोज रस्त्यावर धावणाऱ्या, माल ओढणाऱ्या ट्रकसाठी ट्रायमेटल अजूनही पहिली पसंती असायला हवी. नुसत्या स्पर्धेच्या इंजिनात कणखर शेल शोभते, तेही क्रँक नायट्राइड केलेला आणि ऑइल निर्मळ असेल तरच. निवडीइतकेच महत्त्व मापाला आहे. व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, इतका क्लिअरन्स हा जुना नियम; ५.९ च्या ६९ मिलिमीटरच्या रॉड जर्नलला तो सुमारे पावणेतीन थाऊ येतो. कॅपचे बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळून, बोअर गेज उभा धरूनच हे माप घ्यायचे. शेल सांध्याकडे मुद्दाम पातळ केलेले असते, त्यामुळे तिथले माप फसवते.

धाव झाली, की बिल्डर ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडतात आणि ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. जुन्या ट्रायमेटलमध्ये अहवालात आधी शिसे वाढायचे, मग तांबे. लेप संपून खालचा थर उघडा पडल्याची ती खूण होती. शिसेमुक्त शेल बसवलेल्या इंजिनात शिशाचा आकडा हा इशारा देत नाही, त्यामुळे आता कथील आणि बिस्मथचे रकाने वाचावे लागतात.